वारसा परिसरातील जुने घर विनापरवाना पाडले जात असेल तर काय करावे

गिरगावातली खोताची वाडी किंवा माझगावातली म्हातारपाखाडी अशा मुंबईतील वारसा परिसरांत एखादे जुने घर पाडायला घेतले, की शेजारीपाजारी बहुधा एवढेच म्हणतात, ‘मालकाचे घर आहे, आपण काय बोलणार?’ कायद्याची भूमिका वेगळी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार उभी इमारत किंवा तिचा भाग पाडणे हासुद्धा ‘विकास’च असून त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे येथे महापालिकेची, परवानगी लागते. शिवाय परिसर वारसा यादीत असेल, तर त्यातील घराचे नाव यादीत स्वतंत्रपणे नसले तरी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतील वारसाविषयक विनियम त्याला लागू होऊ शकतात. वारसा यादीतील श्रेणी तीनमधील आणि उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना काही सवलती आहेत; म्हणून आपल्या परिसराची श्रेणी आणि त्या घराचा दर्जा आधीच पाहून ठेवावा.

पाडकामाची सुरुवात क्वचितच हातोड्याने होते. आधी भाडेकरू हलतात, मग छपराची दोन-चार कौले ‘दुरुस्तीसाठी’ उतरवली जातात आणि पुन्हा चढवलीच जात नाहीत. पावसाचे पाणी थेट वाशांवर आणि तुळयांच्या भिंतीतल्या टोकांवर उतरते, आणि लाकूड कुजते ते नेमके तिथेच. त्यानंतर जिन्याचे कठडे आणि सागवानी खांब नाहीसे होऊ लागतात, कारण जुन्या सागाला बाजारात चांगला भाव मिळतो. हिरवी जाळी किंवा पत्रे लागेपर्यंत निम्मे घर आतून गेलेले असते. म्हणून उघडी पडलेली कौले हीच पहिली सूचना मानावी आणि त्याच दिवशी लेखी तक्रार करावी.

प्रत्यक्ष तोडकाम सुरू झालेले दिसले, तर वाद न घालता मुकादमाकडे परवानगीची प्रत मागावी. ती दाखवली नाही तर तसे लिहून ठेवावे. रस्त्यावरून, म्हणजे सार्वजनिक जागेतूनच, तारीख व वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. एका चित्रात घर आणि शेजारची ओळखीची खूण एकत्र आली पाहिजे, नाहीतर पुढे जागेबद्दलच शंका काढली जाते. मग महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. मात्र फोनवर विसंबू नये. विभाग कार्यालयातील सहायक आयुक्त, इमारत व कारखाने विभाग आणि वारसा जतन समिती या तिघांना एकच अर्ज देऊन पोच घ्यावी. सुट्टीला जोडून काम सुरू झाले असेल, आणि बहुतेकदा तसेच होते, तर ईमेल पाठवावा आणि कार्यालय उघडताच कागदी प्रत द्यावी.

अर्जात भावना कमी आणि मागणी नेमकी असावी. ‘आमचा वारसा नष्ट होत आहे’ या वाक्यावर अधिकाऱ्याला काही कृती करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक पत्त्यावरील, वारसा परिसरात मोडणाऱ्या इमारतीचे पाडकाम अमुक तारखेस अमुक वाजता चालू असल्याचे दिसले. परवानगी असल्यास तिची प्रत द्यावी. नसल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५४ नुसार काम थांबवण्याची नोटीस तत्काळ बजावून स्थळपाहणी करावी.’

पुष्कळदा उत्तर मिळते की इमारत धोकादायक आहे आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ खाली नोटीस दिलेली आहे. हे उत्तर ऐकून गप्प बसू नये, पण त्याची टिंगलही करू नये. जुनी घरे खरोखर कोसळतात आणि माणसे दगावतात. नोटिशीची व संरचनात्मक तपासणी अहवालाची प्रत मागावी. नोटीस पाडण्याची आहे की रिकामी करून दुरुस्ती करण्याची, हे वाचावे, कारण ‘सी-१’ (पाडण्याजोगी) आणि ‘सी-२’ (दुरुस्त होण्याजोगी) या धोकादायक इमारतींच्या वर्गांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रहिवाशांनी दुसऱ्या मान्यताप्राप्त अभियंत्याचा अहवाल घेतला आणि दोन अहवालांत तफावत निघाली, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येते. भाडेकरूंनी आपल्या खोलीचे मोजमाप महापालिकेच्या नोंदीत आणून घ्यावे. इमारत पडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करावा, पण त्याच्या उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि घर पाडायला तितके दिवस लागत नाहीत. काम थांबतच नसेल तर वकिलामार्फत तातडीने उच्च न्यायालयात जाणे हाच मार्ग उरतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडते ती घर धडधाकट असताना केलेली नोंद. लंडनमधील कार्लटन टॅव्हर्न ही १९२०-२१ मधली इमारत एप्रिल २०१५ मध्ये मालकाने परवानगीशिवाय पाडली. तिला संरक्षण देण्याचा विचार त्याच सुमारास चालू असल्याने तिची तपशीलवार नोंद आधीच झालेली होती. स्थानिक प्रशासनाने ती होती तशी पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, मालकाचे अपील फेटाळले गेले आणि २०२१ मध्ये ती पुन्हा उघडली. आपल्या वाडीतही प्रत्येक घराचा दर्शनी भाग, जोत्याची उंची, कठड्याची नक्षी, खिडक्यांची मापे आणि छपराचा उतार छायाचित्रांसह नोंदवून ठेवावा. मालकांनाही विश्वासात घ्यावे. दुरुस्तीचा खर्च न पेलल्यामुळे घर सोडून देणारे मालक पुष्कळ असतात.

घर पूर्ण पडले असले तरी तक्रार मागे घेऊ नये. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली विनापरवाना विकासासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. राडारोडा हलवण्यापूर्वी पंचनामा मागावा, आणि त्या भूखंडावर नवा प्रस्ताव येईल तेव्हा तो वारसा समितीपुढे ठेवावा, यासाठी इमारत प्रस्ताव विभागाला जुन्या घराची छायाचित्रे व मापे जोडून आधीच पत्र द्यावे.