नेपाळमधल्या वसतिगृहाच्या डागडुजीला विद्यार्थी नेताय? या चुका टाळा

परदेशात श्रमदान करायचं आणि खर्चही आवाक्यात ठेवायचा, तर आपल्याकडच्या शाळांना नेपाळ सोयीचं. व्हिसा नको, गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची सीमा ओलांडली की बस. घोडं पेंड खातं ते पुढे, काठमांडूच्या वसतिगृहातल्या ओल्या भिंतीपाशी.

पोहोचल्या दिवशीच रंगाचे डबे उघडणं ही सगळ्यात मोठी चूक. मुलांना हातात ब्रश हवा असतो, सरांना फोटो हवे असतात. ओल कोणी बघत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी भरून रंगाचे दोन हात मारले, की पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघालेच म्हणून समजा. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. डाग छताजवळ असेल तर गच्ची किंवा पन्हळ तपासा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत खार फुटला असेल, तर ओल खालून चढतेय. न्हाणीघराच्या पाठची भिंत फुगली असेल, तर आधी पाइप बघा. तरीही शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. भिंतीकडच्या बाजूला घाम धरला असेल तर ओल भिंतीतच आहे. खोलीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर दोष कोंदट हवेचा: दाटीने झोपणारी मुलं, आतच वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. तिथे रंगापेक्षा अडकलेली खिडकी उघडती करणं आणि कपड्यांसाठी बाहेर आडोशाला दोरी बांधणं जास्त उपयोगी. मे महिन्यात कोरड्या दिसणाऱ्या भिंतींवर भरवसा ठेवू नका. वॉर्डनना विचारा, आषाढ-श्रावणात कोणता पलंग भिंतीपासून ओढून घ्यावा लागतो?

तारखाही अशाच फसवतात. आपल्या दिवाळीत तिथे तिहार असतो. खोल्या रिकाम्या मिळतात, पण दुकानं बंद, आणि तराईतले बरेच कारागीर छठ उरकल्याशिवाय परतत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत काठमांडूत रात्री पारा 2-3 अंशांपर्यंत उतरतो. रंग वाळता वाळत नाही. मला विचाराल तर मे बरा. मात्र दुपारनंतर वळीव येतो, म्हणून बाहेरच्या भिंती सकाळीच घ्या. शिवाय वैशाखात तिथलं शालेय वर्ष सुरू झालेलं असतं, म्हणजे मुलं वसतिगृहातच असतात. एका वेळी एकच खोली रिकामी करा आणि तिथली मुलं रात्री कुठे झोपणार, हे आदल्या दिवशीच ठरवा.

जुन्या दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट मुलांना खरवडायला देऊ नका. रंगातल्या शिशावर नेपाळने 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घातली ती 2014 मध्ये. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची भुकटी अंथरुणांत जाते. हे काम स्थानिक रंगाऱ्याला मजुरी देऊन, पॉलिश पेपर ओला करूनच करून घ्या. छत आणि वायरिंगही कारागिरांकडेच. आपल्या मुलांनी सामान हलवावं, झाडलोट करावी, प्रायमर मारावा. भिंतीवर फुलपाखरं काढायची हौस वसतिगृहातल्या मुलांना विचारून भागवा. भिंत त्यांची आहे.

संस्था निवडताना 'अनाथ' हा शब्द पाहून विरघळू नका. 1996 ते 2006 च्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून शिक्षणाच्या आमिषाने मुलं काठमांडूत आणली गेली, आणि आईबाप हयात असलेली मुलं अनाथ म्हणून दाखवली गेली. नेपाळच्या 2018 च्या बालकविषयक कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे. नोंदणी, मुलं सुट्टीत कुठे जातात, पालक भेटायला येतात का, हे विचारा. उत्तरं टाळणाऱ्या संस्थेला रंगाचा एक डबाही देऊ नका. आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकू नका.

राहता राहिली कागदपत्रं. विमानाने जाणार असाल तर 'आधार आहे ना' म्हणून निर्धास्त राहणं महागात पडतं. 15 ते 65 वयोगटाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 15 ते 18 वर्षांच्या विद्यार्थ्यांना ठरावीक नमुन्यातलं मुख्याध्यापकांचं ओळख प्रमाणपत्र चालतं. सीमेपलीकडे घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करा, परतीची बस नेपाळच्या वेळेवर सुटते.