स्काइप बंद झालंय काका, आता लेकीशी बोलायचं असं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात अजूनही कुणीतरी जुना लॅपटॉप काखेत मारून येतंच. "ते निळं स्काइप तेवढं चालू करून दे की." न्हाई होत काका. ५ मे २०२५ला मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं. २०११ साली साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतलेलं, पण सांभाळता आलं नाही. २०१६मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला आणि लॉकडाउनमध्ये नुसत्या लिंकवर चालणाऱ्या झूमनं उरलेलं गिऱ्हाईक नेलं.

आता कामाचं. स्काइपचा आयडी आणि पासवर्ड आधी शोधा. बहुतेकांच्या घरी तो कॅलेंडरच्या मागं लिहिलेला असतो. लॅपटॉप जुना असला तरी क्रोम चालत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच टीम्स या व्हिडिओ कॉलच्या सोयीची वेबसाइट उघडा आणि तोच आयडी टाका. मायक्रोसॉफ्टनं दिलेल्या मुदतीत टीम्सवर एकदा लॉगिन केलं असेल तर जुने कॉन्टॅक्ट दिसतील, नसेल तर लेकीचा ईमेल टाकून नव्यानं जोडायचं. पैसे पडत नाहीत. दोघांत तीस तासांपर्यंत बोला, तिसरं माणूस आलं की एका तासाची मर्यादा.

पहिल्या कॉलला आवाज जात नाही, हे ठरलेलंच. ब्राउझरमध्ये वर, पत्त्याच्या डाव्या बाजूला एक बारकं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून माइक आणि कॅमेरा दोन्हीला परवानगी द्या, पान पुन्हा उघडा. आणि लॅपटॉपखाली दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा, नाहीतर कॅलिफोर्नियात नातवंडांना आजोबांच्या नाकपुड्या अन् वरचा पंखा एवढंच दिसतं.

एक गोष्ट मात्र स्काइपसारखी नाही. ब्राउझर बंद असेल तर रिंग वाजत नाही. म्हणून वेळ ठरवून घ्या: आपल्याकडं रात्रीचे आठ, तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं जातं, तेव्हा लेकीला झोपेतून उठवू नका.

टीम्स डोक्याला ताप वाटत असेल तर जित्सी ही व्हिडिओ कॉलची दुसरी वेबसाइट बघा. ओपन सोर्स आहे, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला. लेकीनं लॉगिन करून कॉलची खोली (रूम) उघडायची, तुम्ही लिंक दाबायची, आयडी-बियडी काही नको. स्काइपचं नाव परत येईल असं मला वाटत नाही. पण टेबलावर लॅपटॉप मांडून अख्खं घर समोर बसायचं, ते एवढ्यावर परत चालू होतंय. मोबाइल हातात धरून ती मजा नाही.

"स्काइप परत आलंय, ही फाइल टाका" असा मेसेज आला तर सरळ उडवा. पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर धमकावणाऱ्यांचे हजारावर स्काइप आयडी सरकारनं २०२४मध्ये बंद करायला लावले होते. ती मंडळी आता दुसऱ्या अ‍ॅपवर आहेत. पैसे गेलेच तर दुकानात येऊ नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.