लेझर बोअर साइट वापरून रायफलचा स्कोप कसा झिरो करावा

नवा स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, रायफलवर चढवल्यानंतर पहिली गोळी कागदावर कोठेच सापडत नाही, दुसरीही सापडत नाही आणि तिसरी गोळी मागच्या मातीच्या बांधात धूळ उडवते, हा अनुभव बहुतेक नेमबाजांनी कधी ना कधी घेतलेला असतो. उत्तर अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की सार्वजनिक रेंजवर अशा लोकांची गर्दी होते आणि काडतुसांचे खोकेच्या खोके निव्वळ कागद शोधण्यात संपतात. लेझर बोअर साइट हे छोटे उपकरण एवढ्याच कामासाठी आहे: पहिली गोळी कागदावर आणण्यासाठी. त्यापुढचे काम गोळ्या झाडूनच करावे लागते. उपकरणाच्या खोक्यावर काहीही छापलेले असले तरी केवळ लेझरच्या भरवशावर झिरो झालेली रायफल ही झिरो झालेली, म्हणजे नेमाच्या बिंदूवरच गोळी लागेल अशी जुळवलेली, रायफल नव्हे.

या लेखातील सर्व कृती परवानाधारक रायफल आणि अधिकृत रेंज गृहीत धरून सांगितली आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी असल्याने येथे स्कोपचा उपयोग मुख्यतः लक्ष्यावरील सरावापुरता राहतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत मात्र स्कोप चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या साइटने. त्या साइटला लक्ष्य मोठे करून दाखवणारी दुर्बीण नसते.

लेझर नेमके काय दाखवतो

रायफलमध्ये तीन वेगवेगळ्या रेषा असतात. पहिली नळीच्या पोकळीची सरळ रेषा. लेझरचा किरण हीच रेषा पुढे वाढवून दाखवतो. दुसरी स्कोपमधून जाणारी नजरेची रेषा. ती नळीच्या वर, साधारण बोल्ट अॅक्शन (बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, हाताने मागेपुढे करून भरायच्या) रायफलवर सुमारे ३.८ सेंटिमीटर उंचीवरून निघते. तिसरी गोळीचा प्रत्यक्ष मार्ग. तो वक्र असतो, कारण नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. झिरो करणे म्हणजे नजरेची सरळ रेषा आणि गोळीचा वक्र मार्ग एका ठरावीक अंतरावर एकमेकांना छेदतील अशी स्कोपची मांडणी करणे. लेझरला गुरुत्वाकर्षणाने काही फरक पडत नाही, त्यामुळे या तीनपैकी तिसरी रेषा त्याला दाखवताच येत नाही.

हे समजून घेतले नाही तर पुढे गोंधळ होतो, म्हणून दोन उदाहरणे सविस्तर पाहू. .२२ लाँग रायफल या काडतुसाची ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप) साधी गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे १२.५ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे ५० मीटरवर नेमाच्या बिंदूवर गोळी लागायची असेल, तर नळीची रेषा तेथे त्या बिंदूच्या १२.५ सेंटिमीटर वर रोखलेली असली पाहिजे. हीच रेषा २५ मीटरवर पाहिली तर लेझरचा ठिपका स्कोपमध्ये दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेषांच्या फुलीच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर दिसायला हवा.

आता .३०८ या मोठ्या काडतुसाची १६८ ग्रेनची गोळी घ्या. तिचा वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर असतो, त्यामुळे १०० मीटर जाताना ती जेमतेम ८ सेंटिमीटर पडते. १०० मीटरवर झिरो हवा असेल तर २५ मीटरवर लेझरचा ठिपका फुलीच्या किंचित खाली, सुमारे ८ मिलिमीटर खाली, दिसायला हवा. उपकरण तेच आणि अंतरही तेच, पण एका रायफलला ठिपका वर हवा आणि दुसरीला खाली. ठिपका आणि फुली डोळे मिटून एकावर एक आणून ठेवली, तर .३०८ ची गोळी १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर वर लागेल, जे सुरुवातीला चालण्यासारखे आहे; .२२ ची मात्र ५० मीटरवर सुमारे ९ सेंटिमीटर खाली जाईल. ए-फोर कागदाच्या मध्यावर नेम धरला असेल तर तीही कागदावरच सापडेल, आणि सुरुवातीला तेवढे पुरते. स्कोपची उंची किंवा काडतूस वेगळे असेल तर हे आकडे बदलतात.

उपकरणाची निवड

लेझर बोअर साइट मुख्यतः दोन प्रकारची मिळते. एक काडतुसाच्या आकाराची असते आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या जागेत, बसते. ती त्या-त्या कॅलिबरपुरतीच (नळीच्या व काडतुसाच्या मापापुरतीच) उपयोगी पडते. दुसरी नळीच्या तोंडात बसते. तिच्या दांड्यावर वेगवेगळ्या जाडीच्या टोप्या चढवून अनेक कॅलिबरना ती वापरता येते. काही साइट नळीच्या तोंडावर चुंबकाने चिकटतात. चेंबरची साइट बसवायला सोपी, पण चेंबरमध्ये ती थोडी सैल राहू शकते. हिरवा लेझर डोळ्यांना लालपेक्षा बराच ठळक दिसतो, पण भर उन्हात दोन्ही फिके पडतात. म्हणून हे काम सावलीत, संध्याकाळी किंवा बंदिस्त रेंजवर करावे.

बोल्ट अॅक्शन रायफलवाल्याने पैसे खर्च करण्यापूर्वी एक जुनी पद्धत करून पाहावी. बोल्ट बाहेर काढावा, रायफल पक्की टेकवावी, मागून थेट नळीतून पाहत २५ मीटरवरील काळा गोल नळीच्या मधोमध आणावा आणि मग रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच गोलावर आणावी. एवढ्याने तेच काम फुकट होते. ज्या रायफलींत मागून नळीतून पाहताच येत नाही, उदाहरणार्थ लिव्हर अॅक्शन आणि बऱ्याच सेमी ऑटोमॅटिक, तेथे लेझरची खरी गरज पडते.

सुरक्षितता

रायफलची मॅगझिन काढावी, बोल्ट उघडावा आणि चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहून, शिवाय बोट घालून तपासावे. काडतुसे त्या टेबलावर नसावीत. ती दुसऱ्या टेबलावर, बंद खोक्यात ठेवावीत. नळीचे तोंड पूर्ण वेळ लक्ष्याच्या दिशेनेच असावे. लेझर डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि आरसा, काच किंवा चकचकीत पत्रा यांवर तो रोखू नये.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका एकच आहे: नळीच्या तोंडात साइट विसरून गोळी झाडणे. अडथळा असलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटू शकते, आणि मग झाडणारा व शेजारी उभा असलेला, दोघेही संकटात सापडतात. म्हणून साइटला वीतभर लांबीची लाल फीत बांधून ठेवावी, जी नळीच्या तोंडाशी लोंबताना दिसलीच पाहिजे, आणि काडतुसाचे खोके उघडण्यापूर्वी साइट तिच्या डबीत परत गेली आहे याची खात्री करावी. चेंबरमध्ये साइट असताना चाप ओढू नये. फायरिंग पिनच्या आघाताने साइट बिघडू शकते.

लेझर लावण्यापूर्वी

माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, सर्व स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कइतके (जोराइतके) आवळलेले आहेत का हे पाहावे. झिरो टिकत नाही अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा स्कोपचा दोष नसून एखादा ढिला स्क्रू असतो. फुलीची उभी रेषा खरोखर उभी आहे याची खात्री करावी, कारण स्कोप तिरका बसला असेल तर वर-खाली फिरवलेले क्लिक, म्हणजे जुळणीच्या चकतीचे टप्पे, गोळीला थोडे बाजूलाही नेतात. डोळ्याजवळची फोकसची चकती फिरवून फुली स्वच्छ दिसेल अशी करावी. जुना, कोणीतरी वाटेल तसा फिरवलेला स्कोप असेल तर दोन्ही टरेट (स्कोपवरच्या जुळणीच्या चकत्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवून मध्यावर आणावेत.

लेझरची परीक्षा

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि माझ्या मते बोअर साइटविषयीची निम्मी नाराजी त्यातूनच येते. लेझर त्याच्या नळकांड्यात अगदी सरळ बसलेला असेलच असे नाही. समजा, १० सेंटिमीटर लांबीच्या साइटचे एक टोक केसाइतके, म्हणजे ०.१ मिलिमीटर, कलले. तर २५ मीटरवर ठिपका अडीच सेंटिमीटर आणि १०० मीटरवर १० सेंटिमीटर सरकलेला दिसेल.

ही चूक मोजणे सोपे आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर किंवा शिकंजात पक्की ठेवावी, २५ मीटरवर चौकटीचा कागद लावावा आणि ठिपका जेथे पडतो तेथे खूण करून घ्यावी. मग साइट नळीत पाव फेरा फिरवून पुन्हा खूण करावी, आणि असे चार वेळा करावे. चारही खुणा एकाच जागी आल्या तर साइट सरळ आहे. त्या वर्तुळावर पसरल्या तर त्या वर्तुळाचा मध्य हीच नळीची खरी रेषा मानावी आणि पुढची सगळी जुळणी त्या मध्याशी करावी. काही साइटना बारीक स्क्रू असतात, ते अॅलन कीने फिरवून किरण सरळ करता येतो. पण मध्य काढता येत असताना त्या स्क्रूंच्या नादी न लागलेलेच बरे. पाव फेऱ्याचा हाच प्रयोग दुसऱ्यांदा केल्यावर वर्तुळच वेगळ्या जागी गेले, तर साइट नळीत सैल बसते आहे. टोपी बदलावी किंवा ती साइट परत करावी.

फुलीची जुळणी

आता रायफलला हात न लावता स्कोपमधून पाहत टरेट फिरवावेत. आधी आडवी जुळणी करावी, कारण ती सोपी आहे: स्कोप नळीच्या बरोबर वर बसलेला असल्यास फुलीची उभी रेषा लेझरच्या मध्यातून गेली पाहिजे. मग उभी जुळणी वर सांगितल्याप्रमाणे करावी. येथे एक उलट वाटणारी गोष्ट लक्षात ठेवावी. टरेटवरचा बाण गोळी कोणत्या दिशेला सरकेल ते सांगतो, फुली कोणत्या दिशेला सरकेल ते नव्हे. त्यामुळे ‘वर’ फिरवल्यावर फुली दृश्यात खाली जाताना दिसते, आणि ते बरोबरच असते.

पाव एमओएच्या (एमओए हे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) स्कोपमध्ये एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर, ५० मीटरवर सुमारे ३.६ आणि २५ मीटरवर सुमारे १.८ मिलिमीटर सरकवतो. ०.१ मिलच्या (मिल हेही कोनाचे माप) स्कोपमध्ये हिशेब तोंडीच होतो: १०० मीटरवर एक क्लिक म्हणजे १ सेंटिमीटर.

प्रत्यक्ष गोळीबार

साइट काढून डबीत ठेवल्यावर पहिल्या तीन गोळ्या २५ मीटरवरच झाडाव्यात. शेवटी जो काडतुसाचा प्रकार वापरायचा आहे, तोच आतापासून वापरावा. कंपनी किंवा गोळीचे वजन बदलले की झिरो बदलतो. तीन छिद्रांचा मध्य काढून त्याप्रमाणे क्लिक फिरवावेत, एकट्या छिद्रामागे धावू नये. .२२ साठी ५० मीटरचा झिरो हवा असेल तर या टप्प्यावर गोळ्या नेमाच्या एक-सव्वा सेंटिमीटर वर, आणि .३०८ साठी १०० मीटरचा झिरो हवा असेल तर साधारण तेवढ्याच खाली लागू द्याव्यात.

मग खऱ्या अंतरावर जावे. तेथे पाच गोळ्यांचा गट झाडावा. समजा, ५० मीटरवर गटाचा मध्य नेमाच्या ९ सेंटिमीटर खाली आणि २ सेंटिमीटर उजवीकडे आला, तर पाव एमओएच्या स्कोपला २५ क्लिक वर आणि ५ किंवा ६ क्लिक डावीकडे द्यावेत. नंतर आणखी पाच गोळ्यांनी तपासावे. गटच चार सेंटिमीटरचा असेल तर दोन मिलिमीटरची दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नाही. मोठ्या कॅलिबरची नळी गटागटांमध्ये थंड होऊ द्यावी, आणि नुकत्याच साफ केलेल्या नळीतून जाणारी पहिली गोळी हिशेबात धरू नये. समाधान झाले की टरेटची चकती सैल करून तिचा शून्याचा आकडा खुणेवर आणावा.

रेंज सोडण्यापूर्वी रायफल पुन्हा रिकामी करून तपासावी आणि लेझर साइट परत नळीत बसवावी. २५ मीटरवरील त्याच चौकटीच्या कागदावर फुली मधल्या चौकोनात धरून ठिपक्याचा मध्य कोठे पडतो, त्याची खूण करावी. कागदावर तारीख, काडतुसाचा प्रकार आणि अंतर लिहून तो रायफलच्या पेटीत ठेवावा. पुढे प्रवासात रायफल आपटली किंवा स्कोपला धक्का बसला, तर एकही गोळी न झाडता या कागदासमोर लेझर लावून पाहता येते. ठिपका जुन्या खुणेवर पडला तर दोन-तीन गोळ्यांनी खात्री करणे पुरते. खूण सुटली असेल तर प्रथम माउंटचे स्क्रू तपासावेत.