शेणकिडे आणि परोपजीवी माश्या: लावणीच्या दिवसांत दोघांनाही जपा

पावसाने जरा उघडीप दिली की सड्यावर पडलेला शेणाचा पोह काठीने उलटून बघा. खाली भुसभुशीत माती आणि भोकं दिसली, तर शेणकिडे कामाला लागलेत. शेण जमिनीत ओढून ते त्यात अंडी घालतात. गोठ्यातल्या माश्यांची पैदास घटते, खत मुळांपाशी पोचतं आणि त्या भोकांतून पाणीही मुरतं.

परोपजीवी माशी (खरं तर गांधीलमाशीच्या गटातला चिमुकला कीटक) काम करते ती भाताच्या पातीवर. ट्रायकोग्रामा जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण ती खोडकिडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अळी जन्मालाच येत नाही. दोघांची कामं वेगळी, तशी त्यांना मारणारी औषधंही वेगळी.

शेणकिड्यांचा घात गोठ्यातून होतो. गुरांना दिलेलं आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांची पिल्लावळ मारतं. दुसरं जंतनाशक चालेल का, हे पशुवैद्यकांना आधी विचारा. आयव्हरमेक्टिनच द्यावं लागलं, तर पुढचे दोन-तीन आठवडे त्या गुरांचं शेण रानात पडू देऊ नका.

गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, मात्र गफलत होते. कुजलेल्या जुन्या खतात अंगठ्याएवढी जाड, पांढरी, वाकडी अळी सापडली, तर ती बहुधा माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची. ती वेचून माराच. शेणकिड्याची अळी ताज्या शेणाखालच्या मातीत, शेणाच्या गोळ्यात असते. काही मोठ्या शेणकिड्यांनाही शिंग असतं, म्हणून नुसतं शिंग बघून भुंगा चिरडू नका.

आता तरव्याकडे, म्हणजे भाताच्या रोपांकडे, या. पातीच्या टोकाशी फिकट तपकिरी, केसाळ ठिपका दिसला की तो खोडकिडीचा अंडीपुंज. लावणीआधी शेंडे खुडा, पण लगेच जाळू नका. त्यातल्या कित्येक अंड्यांत माशी वाढत असते. परातीत पाणी आणि थोडं रॉकेल घाला, मध्ये वीट ठेवा, तिच्यावर शेंड्यांची टोपली. परात वाऱ्याच्या आडोशाला असू द्या. अळ्या पाण्यात पडून मरतील, माश्या उडून शेतात जातील. मला हा उपाय फवारणीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) लावायचं तर भातासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकमच मागा, हेक्टरी ५० हजार ते १ लाख अंडी. उघडीप बघून, संध्याकाळी, पातीच्या खालच्या बाजूला टाचा. त्या आठवड्यात कीटकनाशक मारू नका. पुढेही चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा ५ टक्के सुकलेले फुटवे दिसल्याशिवाय पंप बाहेर काढू नका.