हकलबेरीचं बी : थंडीपेक्षा उजेड महत्त्वाचा

अमेरिकेच्या वायव्य डोंगरांत, आयडाहो-मोंटानाकडे, रानात पिकणारी काळी हकलबेरी (ब्लूबेरीच्या जवळचं रानफळ) बियांपासून लावायची तर बी आधी दोन-तीन महिने फ्रिजात ठेवा, असं सर्रास सांगतात. या जातीला तशी सक्ती नाही. पिकल्या फळातलं ताजं बी थंडीशिवायही रुजतं. त्याला खरा हवा असतो उजेड.

फळं भरपूर पाण्यात कुस्करा आणि भांडं स्थिर ठेवा. गर आणि पोचट बी वर तरंगतं, ते ओतून द्या. पाणी नितळ होईपर्यंत हेच करा. तळाशी उरतं ते भरलेलं बी, जेमतेम खसखशीएवढं. ओल्या पीट मॉसवर (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) ते नुसतं भुरभुरा. वर माती अजिबात नको, नाहीतर बी वाया जाऊ शकतं! पारदर्शक झाकण ठेवा आणि 20 अंशांच्या आसपास ऊब द्या. कोंब यायला काही आठवडे लागतात आणि तेही मागेपुढे येतात, म्हणून ट्रे लगेच टाकू नका.

बी जुनं असेल तर महिनाभर 4 अंशांवर ठेवून पाहायला हरकत नाही, पण ओलं करूनच. कोरडं बी फ्रिजात ठेवणं ही फक्त साठवण.