गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

या इंजेक्शनने गुडघ्याची झीज भरून येत नाही. सांध्यातली सूज उतरते आणि दुखणं साधारण चार ते आठ आठवडे हलकं होतं. तेवढ्या काळात मांडीचे स्नायू बळकट करून घेतले, तरच सुई टोचून घेतल्याचं सार्थक होतं.

आधी डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि औषधांची ॲलर्जी. मधुमेह असेल तर साखर चार-पाच दिवस, कधी आठवडाभर चढी राहते. घरच्या ग्लुकोमीटरवर रोज सकाळ-संध्याकाळ तपासा, इन्सुलिनचा डोस किती वाढवायचा तेही आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. गुडघ्यासाठी बहुधा ती थांबवावी लागत नाही. अंगात ताप असेल, कुठलाही जंतुसंसर्ग चालू असेल किंवा गुडघ्यावर फोड, जखम असेल, तर तारीख पुढे ढकला. येत्या तीन महिन्यांत गुडघा बदलायचं ठरलं असेल, तर हे इंजेक्शन नकोच, कारण शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

इंजेक्शन देताना उताणं झोपवतात आणि गुडघ्याखाली छोटी उशी ठेवतात. सुई बहुतेक वेळा वाटीच्या वरच्या, बाहेरच्या बाजूने आत जाते. जंतुनाशक लावल्यावर ते वाळू द्यायला हवं. ओल्या कातडीवर घाईने टोचलं तर त्याचं काम अर्धवट राहतं. सुई 21 किंवा 22 गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप), दीड इंची. औषध म्हणजे ट्रायमसिनोलोन 40 मिलिग्रॅम किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन 40 ते 80 मिलिग्रॅम, सोबत काही मिलिलिटर लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. गुडघ्यात पाणी झालं असेल तर आधी ते काढतात. पाणी पिवळसर आणि पारदर्शक असेल तर पुढे जायला हरकत नाही. ते गढूळ निघालं तर स्टिरॉइड थांबवून नमुना प्रयोगशाळेत पाठवायलाच हवा. औषध सहज आत गेलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल, तर सुईचं टोक सांध्याच्या पोकळीत नाही, आजूबाजूच्या मांसात किंवा चरबीत आहे.

लिग्नोकेनमुळे पहिले काही तास दुखतच नाही, आणि घोटाळा इथेच होतो: बरं वाटतंय म्हणून लोक जिने चढतात. स्टिरॉइडचा गुण यायला दोन दिवस ते आठवडा लागतो. पहिले 24 ते 48 तास घरातल्या घरात चाला, पण लांब फेरफटका, जिने आणि उकिडवं बसणं टाळा. काहींचा गुडघा पहिल्या एक-दोन दिवसांत आधीपेक्षा जास्त ठणकतो. कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं ठेवला की आराम पडतो. पण तिसऱ्या दिवशीही दुखणं वाढतच असेल, ताप असेल, गुडघा लाल-गरम असेल किंवा वाकवताच येत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात पू झाला तर एकेक दिवस महागात पडतो.

ठणका ओसरला की व्यायाम सुरू करा. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने पाच सेकंद दाबा आणि सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा.

दोन इंजेक्शनांत किमान तीन महिन्यांचं अंतर हवं, पण दर तीन महिन्यांनी सुई हा शिरस्ता होऊ देऊ नका. अमेरिकेतल्या एका चाचणीत (2017) 140 रुग्णांपैकी काहींना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन दिलं, बाकीच्यांना सलाइन. स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक दिसला नाही. म्हणून औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कुठला गुडघा आणि तारीख फाइलवर लिहून घ्या. डॉक्टर बदलला की ही नोंदच उपयोगी पडते.

मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येत असतील (कार्पल टनेल), तर हेच औषध मनगटात बारीक सुईने देतात. तिथे नियम वेगळा: सुई आत जाताना बोटांत विजेसारखी कळ गेली, तर हात न हलवता लगेच सांगा. टोक नसेला लागलेलं असतं. ते मागे घेऊनच औषध सोडायचं. टोचलेल्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते. अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला असेल किंवा बोटं कायमची बधिर राहत असतील, तर इंजेक्शनांत वेळ घालवू नका, शस्त्रक्रियेबद्दल विचारा.