डाव्या अलिंदातला मिक्सोमा: ओळखायचा कसा, काढायचा कसा
मिक्सोमा म्हणजे हृदयाच्या कप्प्यात, बहुधा डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात), देठावर वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ. धाप लागते, पण कूस बदलली की कमी होते. मधूनच भोवळ येते, बारीक ताप, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला. स्टेथोस्कोपला ‘मायट्रल स्टेनोसिस’च (डाव्या अलिंदाखालची झडप अरुंद होणे) वाटतो, आणि आपल्याकडे ऱ्हुमॅटिक तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण इतके, की तिथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. तरुण माणसाला अचानक पक्षाघात झाला तरीही.

इकोत देठ शोधा. तो बहुधा दोन अलिंदांमधल्या पडद्याला, फोसा ओव्हॅलिस या त्यातल्या खोलगट जागेपाशी असतो आणि गाठ दर ठोक्याला झडपेत डोकावते. गाठीसारखीच दिसू शकणारी रक्ताची गुठळी मात्र सहसा अपेंडेजमध्ये (अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात) सापडते, तीही एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदाचे अनियमित ठोके) असताना. शंका उरली तर टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून केलेला इको.

औषधाने ही गाठ जात नाही. शस्त्रक्रिया लांबवू नये. महाधमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लागेपर्यंत हृदय कमीत कमी हाताळा. गाठ जेलीसारखी ठिसूळ असते, सुटलेला तुकडा थेट मेंदूत जाऊ शकतो. देठाभोवतीचा सुमारे ५ मिमी पडदाही काढा, भोक पेरिकार्डियमच्या (हृदयाभोवतालच्या आवरणाच्या) पॅचने बुजवा, चारही कप्पे तपासा, गाठ बायोप्सीला पाठवा.

पुढे दरवर्षी इको. तरुण वय, अनेक गाठी, ओठांवर काळे ठिपके असतील तर कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजाराची शंका घ्या आणि भावंडांचाही इको करा.